झिजलेले चार आकडे

"हे बघा, हे!" मॅनेजरनं भिंतीवरच्या कीपॅडवर पेन आपटलं. "दोन, चार, सात, नऊ. एवढीच चार बटणं गुळगुळीत झालीत. कोड कुठल्या आकड्यांचा आहे, शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

मालकीणबाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. शेजारी सेल्समन नवा टचस्क्रीन छातीशी धरून उभा होता. मागे वॉचमन अंग चोरून. खरं तर त्याला इथं बोलावण्याची गरज नव्हती, पण त्याच्या देखत त्याची लायकी काढल्याशिवाय मॅनेजरचा दिवस गोड जात नसे. काय तो थाट! दोन मजल्यांची बुटांची कंपनी, आणि रुबाब असा की जणू सगळी इमारत याच्या तीर्थरूपांनी बांधली.

कीपॅडमागे नमुन्यांची खोली होती. पुढच्या हंगामाचे बूट तिथं कपाटात असायचे. कॉरिडॉर तिथंच संपायचा. आजूबाजूला दुसरं दार नाही, खिडकी नाही, कुणाचं तिकडे काम नाही. गेल्या वर्षी दोन नमुने बाहेर फुटले आणि भलत्याच कंपनीच्या दुकानात आधी झळकले. तेव्हा एकच कोड वर्षानुवर्षं चालायचा आणि निम्म्या ऑफिसला तो पाठ होता. तरी बोट दाखवलं गेलं ते वॉचमनकडे. पहिलं बोट कुणाचं? याच दीडशहाण्या मॅनेजरचं. बाईंनी पुरावा मागितला, तो काही मिळाला नाही. मग त्या दर महिन्याला कोड बदलू लागल्या. तो ठाऊक फक्त दोघांना: बाईंना, आणि आगबीग लागली तर दार उघडायला कुणी हवं म्हणून वॉचमनला.

"मॅडम, याच्यावर आकडे दरवेळी जागा बदलतात," सेल्समननं स्क्रीन पेटवून दाखवला. "बोटांच्या खुणांवरून काही कळत नाही. तुमच्या जुन्या कीपॅडवर चार आकडे कळले की झालं. ते मागेपुढे करायच्या तऱ्हा चोवीसच."

"आणि कोड माझ्या मोबाईलवरून बदलता येईल," मॅनेजर म्हणाला. "या महाशयांना सांगायची भानगडच नाही. एक तारखेपासून यांना घरी बसवा. तसंही चोराच्या हातात किल्ली कोण देतं?"

चोर हा शब्द त्यानं तोंडावर म्हटला. वॉचमनचे कान तापले. नोकरी गेली असती तर त्यानं दुसरी शोधली असती, पण हा शिक्का घेऊन कुठल्या दारावर उभं राहायचं? त्याची बायको वर्षभर शेजारणींची नजर चुकवत होती.

"साहेब, बटणाचं कीपॅड चांगलं असतं," तो कसाबसा म्हणाला. "अंधारातही बोटांना कळतं."

"तुला विचारलंय का कुणी?" मॅनेजर हसला. "मोठा आला तज्ज्ञ! गेटवर बस, सॅल्यूट मार, तेवढं बास आहे." मग त्यानं ऐटीत एक कागद बाईंच्या हातात ठेवला. "हे वाचा, मॅडम. ऐकीव नाही, मी स्वतः पाहून लिहिलंय. हे डबडं आपोआप लॉक होतं. लाल दिवा लागतो तो दहा मिनिटं. या महिन्यात सात वेळा! तारीख, वेळ, सगळं आहे."

बाईंनी कागद वाचला. मग परत वाचला.

"काका," त्या वॉचमनकडे वळल्या, "हे आपोआप लॉक होतं?"

"नाही, बाई. लागोपाठ तीन वेळा चुकीचा कोड दाबला तरच होतं. दहा मिनिटांनी दिवा आपला आपण विझतो."

"तुम्हाला कधी दिसला लाल दिवा?"

"एकदाही नाही. मी खाली गेटवर असतो."

"मलाही नाही." बाईंनी वाकून बटणं पाहिली. "पण ही चार बटणं एवढी कशी झिजली? मी तर दर महिन्याला कोड बदलते."

वॉचमननं मान खाली घातली. आता हीही चूक आपल्याच माथी येणार, असं त्याला वाटलं.

"मीच घासली, बाई. खालच्या मजल्यावरून बुटांचे तळ घासायचा पॉलिश पेपर आणला होता. तुम्ही नवा कोड सांगितलात की त्यात नसलेले चार आकडे घासायचे आणि बाकीच्या जागी अडगळीतल्या बंद कीपॅडांची न झिजलेली बटणं काढून बसवायची. म्हटलं, कुणाला हाव सुटलीच, तर बसू दे तेच दाबत. तुम्हाला विचारलं नाही, चुकलं माझं."

सेल्समन फिस्सकन हसला, मग इकडेतिकडे बघून सावरला. त्यानं स्क्रीन बंद केला. मॅनेजर मात्र कागद परत घ्यायला हात पुढे करून तसाच उभा होता.

बाईंनी कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"चार आकड्यांच्या चोवीस तऱ्हा," त्या म्हणाल्या. "तीन चुका झाल्या की एकदा लॉक. सात वेळा लॉक म्हणजे एकवीस झाल्या. तीनच राहिल्या होत्या हो तुमच्या, मॅनेजर."