अर्धी वाट

शोभेचं म्हणून आलेलं ते उंच गवत आता जाळून वीज करायला गावभर लावलं होतं. एका रात्रीत ते पुरुषभर वाढायचं. म्हणून कोंडाबाई आणि शेजारची ठकूबाई रोज सकाळी आपापल्या दारातून अर्धी अर्धी वाट कापत यायच्या आणि मध्यावर बसून चहा प्यायच्या.

आज कोंडाबाई मध्यावर आली तर समोर गवत तसंच उभं. पलीकडून विळ्याचा आवाज नाही. हाक मारली, तिला ओ नाही. कोंडाबाईचे हात भरून आले होते, तरी तिनं उरलेली अर्धी वाटही कापली.

ठकूबाई उंबऱ्यात बसली होती, विळा मांडीवर ठेवून.

"ओ द्यायला काय झालं होतं गं तुला?"

"दमले. म्हटलं, बघू तरी, येतेस का."

कोंडाबाईनं मागं पाहिलं. कापलेल्या वाटेवर गवत पुन्हा गुडघाभर उगवलं होतं.

"आता घरी जाऊ कशी मी?"

ठकूबाई उंबऱ्यावर जरा सरकून बसली. "कशाला जातेस?"