सरळ झोपा, गुरुजी

कपाचं तोंड सात अंशांनी पुढे झुकलं होतं.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. मागच्या महिन्यातला पंधरा अंश, आजचा बावीस. "खुब्यात बसवलेला कृत्रिम सांध्याचा कप हललेला दिसतो," ते म्हणाले. "पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. गुरुजींना सांगा, मुलाला बोलावून घ्या."

सांगायचं काम वर्षालीवर आलं. दोन्ही एक्स-रे तिनंच काढले होते.

वामनराव गुरुजी बाहेर बाकावर एकटेच बसले होते. दर्यापूरहून अमरावतीला ते दर वेळी एकटेच येत, एसटीनं, काठी टेकत. सोबत कोण आहे, असं विचारलं की काखेतली एक्स-रेची पिशवी दाखवत. "हे काय, माहा फोटो आहे न संगं."

पुन्हा ऑपरेशन म्हटल्यावर पंचाहत्तरीचा माणूस खचेल, असं तिला वाटलं होतं. गुरुजींनी फक्त खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. त्यावर चौकोनी घड्या उमटल्या होत्या. मग त्यांनी पुण्याला मुलाला, गोपालला, फोन लावला. वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात सगळं सांगितलं.

"साहेबाले इचारून सांगतो म्हणे," ते वर्षालीला म्हणाले. "येईनच तो. मागच्या ऑपरेशनले चार दिवस होता. खाटेपाशी सतरंजी टाकून झोपे. मी जरा कण्हलो का उठून इचारे, बाबा, पाणी देऊ का?"

वर्षाली आत आली आणि पुन्हा पडद्यासमोर उभी राहिली. काहीतरी खटकत होतं. कमरेच्या हाडाला खाली दोन भोकं असतात, चष्म्याच्या काचांसारखी. माणूस सरळ झोपला असेल तर दोन्ही सारखी दिसतात. आजच्या फोटोत एक मोठं होतं, एक चिंचोळं. म्हणजे फोटो काढताना कंबर फिरली होती. कंबर फिरली की कोनही खोटा येतो.

हेच तर तिनं मागच्या महिन्यात गुरुजींना समजावलं होतं. छत्तीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस. त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, आणि शेवटी डब्यातली वाटी तिच्यासमोर कलती धरून म्हणाले होते, "म्हंजे वाटी कलली का तिचं गोल तोंड लांबट दिसते. शाबास, पोरी. बेस समजावून सांगतं तू." आणि आज तिनंच त्यांना वाकडं झोपवलं होतं.

"गुरुजी, चूक माही झाली," ती बाहेर येऊन म्हणाली. "तुमची कंबर फिरली होती. कप हालला नसंनच. पुन्हा एक फोटो काढू."

"पुन्हा कावून?" गुरुजींचा चेहरा उतरला. "आहे तो चांगला आहे."

पण ते उठले. फोन तिच्याकडे देऊन टेबलावर पाठीवर निजले. वर्षालीनं त्यांचे दोन्ही पाय सरळ केले, पावलं आत वळवून पट्टी लावली. "सरळ झोपा, गुरुजी. आता हालू नका."

ती बटणाकडे वळली. मागे कापडाची सळसळ झाली. अंग सावरत असतील, तिला वाटलं. तेवढ्यात हातातला फोन वाजला. गोपालचा होता. गुरुजींना कमी ऐकू येई, म्हणून तिनं आवाज मोठा करून तो त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, मले नाही जमत येणं. डॉक्टर म्हणतात तं करून टाका ऑपरेशन. रात्री तुमच्यापाशी थांबाले शेजारच्या देवमनकाकाले सांगतलं मी. काही लागलं तं फोन करा."

"बरं," गुरुजी म्हणाले.

फोन बंद झाला. गुरुजी वर छताकडे पाहत राहिले. वर्षाली पुन्हा बटणाकडे निघाली.

"थांब, पोरी."

गुरुजींनी एका बाजूनं कंबर उचलली. खालून आठ घड्यांचा दुपट्टा ओढून काढला आणि तिच्या हातात दिला.

"तुही चूक नव्हती," ते म्हणाले. "काढ आता. आता सरळ झोपलो."