वाचकांतर्फे दोन शब्द

“वाचकांतर्फे तुम्हीच बोला,” लेखकाची बायको म्हणाली आणि तिनं पाण्याचा पेला पुढे केला. “सगळ्यांत आधी तुम्ही. फक्त फार लांबवू नका.”

टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या त्या ऑपरेटरला पेला घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता, आणि हा शोकसभेत त्याचेच वाभाडे काढायला आला होता. पण माघार घ्यायची नव्हती. तीस वर्षं त्यानं हा राग पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

विज्ञानकथांचा हा बादशहा वाचकांच्या प्रत्येक पत्राला स्वतःच्या हातानं उत्तर देई. लोकांना त्याचं कोण कौतुक! ऑपरेटरनं त्याला एक कथा पाठवली होती. एक्सचेंजमध्ये उद्याच्या तारखेचा फोन येतो, अशी. उत्तर आलं, ‘कल्पना बरी, विज्ञान कच्चं.’ वर्षभरात तीच कथा लेखकाच्या नावानं छापून आली. बक्षीसही मिळालं. ऑपरेटरच्या खऱ्या स्विचबोर्डावर फोन जोडायचं नऊ नंबरचं भोक बुजलेलं होतं, ते त्यानं कथेत घातलं होतं. पठ्ठ्यानं तेसुद्धा जसंच्या तसं उचललं होतं. चोरी करायलाही थोडी अक्कल लागते.

पण सांगणार कुणाला? खुद्द त्याची बायको मरेपर्यंत म्हणत राहिली, “असेल हो योगायोग. कुठे ते, कुठे तुम्ही!” आज एकानं जरी ‘तुमचं खरं आहे’ म्हटलं असतं, तरी त्याला जन्माचं पुरलं असतं.

सभागृहात चाळीस माणसं असतील. बहुतेक उतारवयातली, साधी, एकमेकांना अनोळखी. लेखक, प्रकाशक असं कुणी दिसेना. मागे दोन वार्ताहर वह्या उघडून बसले होते.

“बाई, माझं बोलणं तुम्हाला लागेल,” त्याला राहवलं नाही.

“माझी काळजी सोडा. घसा साफ करा.”

त्यानं आधी आपल्या कथेचं पहिलं पान वाचलं, तारखेसकट. मग लेखकाचं उत्तर. मग छापील कथा.

“मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण तो जिवंत असताना माझं ऐकलं कुणी? हा माणूस चोर होता!”

आता आरडाओरडा होणार, कुणीतरी माईक हिसकावणार, म्हणून त्यानं अंग चोरलं. पण कुणी जागचं हललं नाही. कुणाला नवलसुद्धा वाटलेलं दिसेना. पहिल्या रांगेतल्या एक आजी तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि त्याच्याकडे बघून जोरजोरात होकारार्थी मान हलवत होत्या.

लेखकाच्या बायकोनं माईक हातात घेतला.

“ह्यांच्या कपाटात कुलूप लावलेला एक खण होता. त्यात वाचकांनी पाठवलेल्या एकेचाळीस कथा निघाल्या,” ती वार्ताहरांकडे बघत म्हणाली. “मी आमंत्रणंही तेवढीच पाठवली. हं, आता दोन नंबर.”