कड्याचा नकार

पंचवीस वर्षांनी कुमुदिनी पोहण्याच्या पोशाखात तलावाच्या काठावर आली आणि मनगटावरचं कडं थरथरलं. कोणीतरी कॅमेऱ्याच्या चष्म्यातून तिचा फोटो घेऊ पाहत होतं.

कॉलेजात असताना असाच एक फोटो घाणेरड्या शेऱ्यांसकट गावभरच्या ग्रुपांवर फिरला होता. तेव्हापासून तिचं पोहणं सुटलं होतं. आता मात्र ज्याच्या त्याच्या कड्यावरच्या होकाराशिवाय कोणाचाच फोटो निघत नसे.

तिने नकार दाबला. समोरच्या तरुणाचा चष्मा काळाठिक्कर पडला. तो काढून ओशाळलेला तरुण पुटपुटला, "चुकलं, काकू."

"कुमुदिनी घोरपडे म्हणतात मला. पोहण्यात जिल्ह्यात पहिली यायचे," ती शांतपणे म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत तिने पाण्यात झकास सूर मारला.