एकदाच दिसणारा मेसेज

"अपघात विमा बंद केल्याचं तुमच्या नवऱ्याला ॲपवर कळवलं होतं," आमच्या कंपनीचे मालक सेम्पा साहेब किझितोच्या बायकोला म्हणाले. "त्यानं 'मान्य' दाबलंय."

"काय लिहिलं होतं, दाखवा मला."

"तो मेसेज एकदाच दिसतो, बाई."

किझितो आमच्या ॲपवर बोडा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, चालवायचा. भर चौकात त्या मेसेजनं हँडलवरच्या फोनमधला नकाशा झाकला. तो घालवायला त्यानं एक हात सोडला, तेवढ्यात ट्रक आला.

ॲपमध्ये मेसेज टाकायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी मी कंपालातल्या सगळ्या बोडावाल्यांना एक मेसेज पाठवला. गाडी थांब्यावर उभी असेल तरच दिसेल, असा.

दुपारी साहेबांच्या बंगल्याबाहेर हॉर्न वाजायला लागले. आपला माणूस गेला की बांधतात तशा सगळ्या मोटारसायकलींना झाडाच्या फांद्या बांधल्या होत्या. सगळ्यात पुढे किझितोची शवपेटी. ती बोडावाल्यांनी फाटकाला टेकवली आणि ते तिथंच बसले.

साहेबांचा फोन आला.

"नाकिमुली, काय लिहिलं होतंस त्यांना? दाखव मला."

"एकदाच दिसतो, साहेब," मी म्हटलं. "सगळ्यांनी 'मान्य' दाबलंय."