शेवटच्या वेचणीचा कावळा

“घे, तुहीच गेम.” उत्तमरावांनी मेमरी कार्ड आपल्या दुकानाच्या काउंटरवर टाकलं. “लोकं फुकटात खेळून राह्यले. आन् तू म्हने चोरीची गेम भरून देत नाही!”

शाकिरनं कार्ड उचललं. “कोनी देल्ली?”

“मोताळ्याकडचं गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्याजवळून उतरवून घेतली. वाटनारा पैसे बी घेत नाही म्हने. घरची हाय, न्या म्हन्ते.” उत्तमराव हसले. “मले डोळे नको दाखवू बे. कुलपं तोडनाऱ्यानं चोराले नावं ठिवू नये.”

हा टोमणा शाकिरला नवा नव्हता. तो आणि त्याचा भागीदार अविनाश गेम खेळायचे जुने कन्सोल घेत आणि कंपनीनं त्यात घातलेली सॉफ्टवेअरची कुलपं काढत, स्वतः लिहिलेली गेम त्यात चालावी म्हणून. दुसऱ्याची गेम चोरून भरायची नाही, हा नियम. दुकानाच्या पाटीवर दोघांची नावं होती. नियम मोडेल त्याचं नाव पुसायचं, हे पाटी रंगवतानाच ठरलं होतं. खामगावची गिऱ्हाईकं हसत आणि उत्तमरावांच्या दुकानातून गेमा भरून नेत.

हसोत. वस्तू विकायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हा कंपन्यांचा माज कपाशीवाल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. बीटी बियाण्याचं पाकीट दरसाल नवं घ्या, घरची सरकी पेरू नका. एवढं करून बोंडात गुलाबी अळी निघाली तर पाकीटवाला म्हणणार, तुमचीच फवारणी चुकली.

याच संतापातून शाकिरनं ‘बोंडअळी’ लिहिली. खेळणाऱ्यानं शेत शेवटच्या वेचणीपर्यंत जगवायचं. शाकिरनं त्यात जीव ओतला होता. दिवाळीनंतर ती विकायची होती, आणि तोवर मोजक्या कॉप्या घरच्यांना आणि तपासणाऱ्यांना दिल्या होत्या.

प्रत्येक कॉपीत त्यानं गुपचूप एक खूण ठेवली होती. गेम लिहिणारे ठेवतातच. शेवटच्या वेचणीला शेतात एक कावळा येतो, आणि प्रत्येक कॉपीत तो वेगळ्या जागी बसतो. अविनाशच्या कॉपीत विहिरीच्या काठावर. चुका शोधून देणाऱ्या संजीवनीच्या कॉपीत बैलगाडीच्या जुवावर. अब्बाच्या कॉपीत बुजगावण्याच्या डोक्यावर, आणि तो तिथं बसवताना शाकिरला हसू आलं होतं.

अब्बा, म्हणजे फकीर मोहम्मद, मोताळ्यापुढं रोहिणखेडला कपाशी करत. पोराच्या धंद्याचं नाव काढलं की हात झटकत.

“कुलपं तोडनं हा काय धंदा हाय? लोकं मले चोराचा बाप म्हन्तात.” एवढं बोलून त्यांनी शाकिरनं दिलेलं गेमचं कार्ड न पाहताच सरकीच्या रिकाम्या डब्यात टाकलं होतं. पाकिटं येण्याआधी याच डब्यातून मागेल त्याला ओंजळभर गावठी सरकी मिळायची. “घरची हाय, ने,” म्हणत अब्बा वर आणखी मूठभर घालायचे.

“अविनाशले पाठवजो एखाद दिशी. मोबाईल बिघडला माहा,” ते म्हणाले होते.

“मी पाहतो ना.”

“त्यालेच पाठव.”

म्हणजे मोबाईलसाठीही पोराचा हात नको. शाकिर त्या दिवशी न जेवताच निघाला होता.

आता कार्ड मुठीत धरून तो दुकानाकडे चालला होता आणि डोक्यात एकच नाव होतं. मोताळ्याला अविनाशची मावशी होती, जनकाबाई. अविनाश हल्ली तिकडे सारखा जायचा. गेमची चित्रं त्यानं काढलेली, म्हणजे ‘घरची’ म्हणायला तो मोकळा. आणि पहिल्यापासून त्याचा एकच धोशा होता, “फुकट देऊन टाक बे. खेळू दे लोकाईले.”

अविनाश एका कन्सोलला सोल्डरचा डाग देत बसला होता.

“मोताळ्याले काऊन जातं रे सारखा?”

“मावशी हाय ना तिथं.”

शाकिरनं कार्ड पुढे धरलं. “याची कॉपी कोनी केली?”

अविनाशनं हातातलं काम खाली ठेवलं.

“म्या केली.”

“कितीत इकली?”

“पैशाचं नाव काढलं तं थोबाड फोडीन.”

“मंग काऊन केली?”

अविनाश सोल्डरची तार गुंडाळू लागला.

“बोल ना बे! पाटी रंगवली तवा काय ठरलं होतं?”

“ध्यानात हाय.”

“मंग पुसतं का तुहं नाव?”

“तूच पूस. माह्यानं नाही होनार.”

शाकिरनं चिंधी थिनरमध्ये बुडवली. नाव सहज गेलं नाही, रगडावं लागलं. अविनाश शेवटपर्यंत उभा राहून पाहत होता. मग त्यानं आपला जेवणाचा डबा उचलला.

“अब्बाले माहा सलाम सांगजो,” तो म्हणाला आणि रस्त्याला लागला.

शाकिरनं शटर अर्धं ओढलं. चोराला चोरीचा पुरावा दाखवायचा होता. विहिरीवरच्या कावळ्याचा फोटो काढून आत्ताच्या आत्ता अविनाशला पाठवायचा, म्हणजे पुन्हा कधी सलाम सांगायचं तोंड होणार नाही. त्यानं कार्ड कन्सोलमध्ये घातलं आणि खेळायला बसला. पेरलं, निंदलं, फवारलं. अळीनं अर्धं शेत खाल्लं, अर्धं वाचलं. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या. थिनरचा वास दुकानात भरून राहिला होता.

शेवटची वेचणी आली. शाकिरनं फोटोसाठी मोबाईल सरसावला.

पडद्याच्या कोपऱ्यातून कावळा आला. विहिरीवरून गेला. बैलगाडीवरून गेला. आणि बुजगावण्याच्या डोक्यावर बसला.