टीपकागद

मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलेली बटाट्याची फोड पाच ग्रॅमवरून चार पूर्णांक आठ दशांशावर येते, म्हणजे चार टक्के घट. मात्र तोलण्याआधी ती टीपकागदाने कोरडी करावी लागते, नाहीतर अंगावरचं पाणीही मोजलं जातं. नऊ वर्षं प्रयोगशाळेत हे काम मी केलं. शोधनिबंधांवर नाव एकट्या विभागप्रमुखांचं.

यंदा ते म्हणाले, "अहो बाई, फोडी तोलायला कसली आलीय अक्कल? सरका, मीच करतो."

त्यांनी ओल्या फोडीच काट्यावर ठेवल्या. मी टीपकागद हातात धरून बघत राहिले.

आज सरांनी यंदाचा निबंध वाचल्यावर भरसभेत परीक्षकांनी विचारलं, "मिठाच्या पाण्यात बटाट्याचं वजन वाढलं कसं?"

सर कुजबुजले, "बाई, तेवढं सांभाळून घ्या."

मी उभी राहिले.



"नऊ वर्षांची मापं माझी होती. ही तेवढी सरांची."